मुखदुर्बळ नव्हे, मितभाषी

कमी बोलणाऱ्या माणसाला नावे ठेवण्यासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. घुमा, मुखदुर्बळ, एकलकोंडा, माणूसघाणा, शिष्ट, आतल्या गाठीचा – यांपैकी एखादे विशेषण अशा माणसाला बालपणीच चिकटते आणि शाळा, महाविद्यालय, नोकरी, लग्नाची बैठक असा प्रवास करीत त्याच्याबरोबर चालत राहते. गंमत अशी की, हाच माणूस पुढे एखाद्या क्षेत्रात नावारूपाला आला की त्याच्यासाठी योजलेले शब्द बदलतात. मग तो मितभाषी होतो, धीरगंभीर होतो, व्यासंगी आणि चिंतनशील होतो. स्वभाव तोच राहिलेला असतो. त्याच्याकडे पाहणाऱ्यांची दृष्टी मात्र यशानंतर निवळलेली असते. ही दृष्टी यशापूर्वीच निवळली तर कितीतरी माणसांचे आणि संस्थांचे भले होईल.

आजचे कार्यालयीन जग बोलणाऱ्यांचे आहे, अशी समजूत दृढ झाली आहे. मुलाखत, गटचर्चा, सादरीकरण, ग्राहक मेळावा, आढावा बैठक अशा प्रत्येक ठिकाणी जो आधी बोलतो तो हुशार आणि जो मोठ्याने बोलतो तो नेता, असे एक अलिखित गणित मांडले जाते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण सर्वांना पाठ असते. परंतु बढतीच्या वेळी खळखळाटच अधिक ऐकू येतो. परिणामी अंतर्मुख स्वभावाची माणसे एक तर स्वतःला कमी लेखू लागतात, किंवा आपल्या प्रकृतीला न मानवणारा बहिर्मुखतेचा मुखवटा धारण करून दिवस काढतात. या दोन्हींत नुकसान आहे, आणि ते केवळ त्या व्यक्तीचे नाही.

अंतर्मुखता म्हणजे काय?

अंतर्मुख आणि बहिर्मुख या स्वभावभेदाची आधुनिक मांडणी स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायकॉलॉजिकल टाइप्स’ या ग्रंथात केली. ज्याच्या मनाचा ओघ बाहेरच्या जगाकडे, माणसांकडे आणि घडामोडींकडे वाहतो तो बहिर्मुख. ज्याचा ओघ आतल्या विचारांकडे वळतो तो अंतर्मुख. कोणीही पूर्णतः एकाच प्रकारचा नसतो, हेही युंग यांनी मानले होते. पुढे १९६० च्या दशकात हान्स आयसेंक यांनी या भेदाचा संबंध मेंदूच्या उत्तेजनपातळीशी जोडला. त्यांच्या मते अंतर्मुख व्यक्तीचा मेंदू मुळातच अधिक जागृत असतो; म्हणून गोंगाट, गर्दी आणि सततचे संभाषण तिला लवकर थकविते. २०१२ साली अमेरिकन लेखिका सुझन केन यांच्या ‘क्वाएट’ या पुस्तकाने हा विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला.

येथे एक फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे. अंतर्मुखता म्हणजे भिडस्तपणा नव्हे आणि लोकांचे भयही नव्हे. भिडस्त माणसाला बोलावयाचे असते. परंतु लोक काय म्हणतील या धास्तीने तो गप्प राहतो. अंतर्मुख माणसाला अशी धास्ती असेलच असे नाही. बोलण्यापूर्वी विचार पुरा करावा, अशी त्याची रीत असते, एवढेच. मोजक्या मित्रांत तो मनमोकळा असतो, आवडीच्या विषयावर तासन्‌तास बोलू शकतो. मात्र त्यानंतर त्याला थोडा एकांत लागतो. ज्याला लोकांत मिसळण्याचीच भीती वाटते आणि त्या भीतीने ज्याचे दैनंदिन जीवन अडते, त्याने तज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे. त्या दुःखाला स्वभावाचे नाव देऊन झाकू नये. त्याचप्रमाणे काउंटरवर आलेल्या ग्राहकाशी तुसडेपणाने वागणाऱ्यानेही अंतर्मुखतेचा आडोसा घेऊ नये. सौजन्याला फार शब्द लागत नाहीत.

एन्नोरचा धडा

राष्ट्रीयीकृत बँकेतील अधिकाऱ्याची नोकरी अखिल भारतीय स्वरूपाची असते. बढतीच्या आदेशाबरोबर बहुधा बदलीचा आदेशही येतो आणि सांगली किंवा अकोल्याचा अधिकारी एके दिवशी चेन्नईच्या उत्तर टोकावरील एन्नोरसारख्या ठिकाणी उतरतो. शहराच्या मध्यभागापासून सुमारे २० किलोमीटरवर, कोसस्थलैयार नदी जेथे खाडीच्या रूपाने समुद्राला मिळते, तेथे हे गाव आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या आणि आज अशोक लेलँड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा कारखाना येथे आहे. १९७० पासून २०१७ पर्यंत चाललेले औष्णिक वीजकेंद्र येथे होते. २००१ मध्ये सुरू झालेले, कंपनीच्या स्वरूपात स्थापन झालेले देशातील पहिले मोठे बंदर येथेच उभे राहिले. २०१४ पासून ते कामराजर बंदर म्हणून ओळखले जाते. कोळशाची वाहतूक, कंटेनर ओढणारे ट्रेलर, यंत्रांची घरघर यांनी परिसर गजबजलेला असतो.

अशा गावातील शाखेत गेलेल्या मराठी अधिकाऱ्याची पहिल्या दिवशी जी अवस्था होते, ती अनुभवण्याजोगी असते. आपल्या गावी बैठका गाजविणारा, ग्राहकांना हसतखेळत बोलण्यात गुंतविणारा अधिकारी येथे एकाएकी निःशब्द होतो. समोर कारखान्यातील कामगार असतो, ट्रकमालक असतो, बचत गटाची अध्यक्ष असते, जाळी दुरुस्त करण्यासाठी कर्ज मागणारा मच्छीमार असतो. आणि अधिकाऱ्याजवळ मात्र ‘वणक्कम’ एवढीच पुंजी असते. ‘पणम्’ म्हणजे पैसा आणि ‘कणक्कु’ म्हणजे हिशेब, हे कळण्यास काही दिवस जातात. तोपर्यंत त्याला दुसरा मार्गच नसतो. तो पाहू लागतो आणि ऐकू लागतो. कोणता ग्राहक अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतो, कोणाचा अंगठा उठविताना हात थरथरतो, कोणती स्त्री रांगेतून दोनदा मागे सरकते, कोणता कंत्राटदार प्रश्नाचे उत्तर टाळून चहाची गोष्ट काढतो, हे त्याला दिसू लागते. भाषा येत होती तेव्हा यातील कितीतरी गोष्टी बोलण्याच्या ओघात सुटून जात.

भाषा न येणे आणि स्वभावाने अंतर्मुख असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. तरीही परमुलखातील हे सक्तीचे मौन बोलक्या माणसाला एक गोष्ट शिकविते. त्याच शाखेत मागच्या टेबलावर बसणारा अबोल सहकारी हेच निरीक्षण वर्षानुवर्षे स्वेच्छेने करीत आला आहे, हे त्याच्या ध्यानात येते. एन्नोरच्या परिसराकडे पाहिले तरी हेच दिसते. खाडीत इरुळर समाजातील स्त्रिया पाण्यात उतरून चिखलातील कोळंबी हाताने पकडतात. तेथे स्पर्श आणि संयम उपयोगी पडतो. वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात काट्यांवर नजर ठेवणारा तंत्रज्ञ दिवसभर फारसे बोलत नाही. परंतु काटा हलला की वेळेवर इशारा देतो. त्याच्या मौनाला कोणी उणीव म्हणत नाही, कारण त्याच्या कामाचे स्वरूप सर्वांना ठाऊक असते. बँकेतील कामाचेही बरेचसे स्वरूप असेच आहे, याचा मात्र अनेकदा विसर पडतो.

पोर्ट ट्रस्टमधील कारकून

एन्नोरच्या दक्षिणेला, जुन्या मद्रास बंदराच्या कार्यालयात, अशाच एका अबोल कर्मचाऱ्याची कथा घडली. १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात दरमहा ३० रुपये वेतनावर एक तरुण कारकून रुजू झाला. गणित सोडून इतर विषयांत त्याचे लक्ष लागत नसे. त्यामुळे महाविद्यालयीन परीक्षांत तो अनुत्तीर्ण झालेला होता. पदवी नव्हती, संभाषणचातुर्य नव्हते, उत्पन्नाचे साधन नव्हते. जवळ होत्या त्या गणिताच्या वह्या. या कारकुनाचे नाव श्रीनिवास रामानुजन. संकोची, स्वतःत रमणारा, परंतु ओळखीच्या माणसांत खुलणारा, असे त्यांचे वर्णन परिचितांनी केले आहे.

आजच्या एखाद्या गटचर्चेत हा तरुण निवडला गेला असता का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याच्या सुदैवाने पोर्ट ट्रस्टमध्ये दोन वरिष्ठ असे होते की ज्यांनी माणसाच्या बोलण्याऐवजी त्याच्या वह्या पाहिल्या. मुख्य लेखापाल नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार होते आणि अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हे अभियंते होते. नारायण अय्यर सायंकाळी रामानुजन यांच्यासमवेत पाटीवर गणिते सोडवीत बसत. रामानुजन दोन ओळींत निष्कर्ष मांडून मोकळे होत. तेव्हा, ‘मला समजेल अशा बेताने मधल्या पायऱ्या लिहीत जा’, अशा आशयाचा आग्रह अय्यर यांनी धरला होता, असे सांगितले जाते.

या दोघांच्या पाठबळावर १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागातील कारकून अशीच त्यांनी स्वतःची ओळख त्यात करून दिली होती. पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाची दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती, १९१४ साली केंब्रिजला प्रयाण, १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९२० साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अकाली निधन.

प्रत्येक अबोल कारकून रामानुजन नसतो, हे उघड आहे. तरीही या कथेतील दोन गोष्टी कोणत्याही कार्यालयाला लागू पडतात. पहिली अशी की, अबोल माणसाचे गुण आपोआप प्रकट होत नाहीत. ते पाहणारा नारायण अय्यर असावा लागतो. दुसरी अशी की, त्या माणसावरही एक जबाबदारी असते. ती म्हणजे मधल्या पायऱ्या लिहिण्याची. मनात चाललेला विचार दुसऱ्याला समजेल अशा रीतीने कागदावर उतरला नाही, तर तो कितीही मोलाचा असला तरी संस्थेच्या उपयोगी पडत नाही.

बँकिंगचा पाया

बँकेचा व्यवसाय हा विश्वासाचा व्यवसाय आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला निष्ठा आणि गोपनीयता यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ग्राहकाच्या खात्यात किती रक्कम आहे, कोणाचे कर्ज थकले आहे, कोणी कोणाच्या नावे वारस नोंद केली आहे, ही माहिती जिव्हेवर येऊ न देणे हे येथील पहिले कर्तव्य. बोलण्याचा मोह ज्याला मुळातच कमी, त्याला हे कर्तव्य जड जात नाही.

दुसरे तत्त्व पडताळणीचे. एकाने नोंद करावयाची आणि दुसऱ्याने ती तपासावयाची, या मेकर-चेकर पद्धतीवर दैनंदिन कामकाज उभे आहे. शंभर व्हाउचर तपासून झाल्यावर एकशे एकावेही तितक्याच बारकाईने पाहणारा कर्मचारी शाखेचे किती नुकसान टाळतो, याची नोंद कोठेच होत नाही. कारण न घडलेल्या चुकीचा अहवाल कोणी लिहीत नाही.

तिसरे काम कर्जप्रस्तावाच्या छाननीचे. ताळेबंदातील तळटिपा शांतपणे वाचणे, मालसाठ्याच्या विवरणातील आकडे आणि गोदामातील पोत्यांवर साचलेली धूळ यांची सांगड घालणे, कर्जदाराला बोलू देऊन त्याच्या दोन वाक्यांतील विसंगती टिपणे, ही कामे ऐकणाऱ्या माणसाची आहेत. सतत बोलणाऱ्या अधिकाऱ्याला कर्जदाराविषयी फारसे कळत नाही. कर्जदाराला मात्र अधिकाऱ्याविषयी सर्व काही कळते!

विक्रीचे काय?

यावर कोणी असे म्हणेल की, ही जुन्या बँकिंगची कहाणी झाली. आज ठेवी आणाव्या लागतात, विमा, म्युच्युअल फंड आणि कार्ड विकावी लागतात. तेथे बोलका माणूसच हवा. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. १९९१ साली अमेरिकेतील बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. विक्री आणि व्यवस्थापन या क्षेत्रांत बहिर्मुखतेचा कामगिरीशी संबंध त्यांना आढळला. मात्र सर्वच व्यवसायांत ज्या गुणाचा कामगिरीशी संबंध दिसला, तो होता कामातील निष्ठा आणि काटेकोरपणा. हा गुण अंतर्मुखांच्या वाट्याला कमी आलेला नाही.

२०१३ साली अ‍ॅडम ग्रँट यांनी दूरध्वनीवरून विक्री करणाऱ्या ३४० प्रतिनिधींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वाधिक उत्पन्न मिळविणारे प्रतिनिधी अतिबहिर्मुख नव्हते. ते दोन्ही टोकांच्या मधले होते. बोलावे किती आणि ऐकावे किती, याचा तोल त्यांना साधला होता. ‘अति तिथे माती’ हे मराठी माणसाला नव्याने सांगावयास नको.

सामूहिक विचारमंथनाविषयीही असाच एक भ्रम आहे. चारचौघांनी एकत्र बसून मोठ्याने बोलले की अधिक कल्पना सुचतात, असे मानले जाते. १९५८ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी हे तपासून पाहिले. एकत्र बसलेल्या गटापेक्षा तेवढ्याच संख्येच्या, परंतु स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या व्यक्तींच्या कल्पना एकत्र केल्या असता त्या संख्येने अधिक भरल्या. याचा अर्थ बैठका घेऊ नयेत असा नव्हे. बैठकीपूर्वी प्रत्येकाला एकट्याने विचार करण्यास अवधी द्यावा, एवढाच याचा अर्थ.

मौन कोठे सोडावे?

अंतर्मुखतेचा गौरव करताना एक धोका संभवतो. गप्प राहणे हाच गुण, असे मानण्याची चूक होऊ शकते. कर्जप्रस्तावाविषयी मनात शंका असताना केवळ वाद नको म्हणून सही करणारा अधिकारी अंतर्मुख नसतो. तो कर्तव्यात कसूर करीत असतो. ते खाते पुढे अनुत्पादक ठरले तर त्याच्या मनात काय होते हे कोणी विचारीत नाही. कागदावर काय आहे तेवढेच पाहिले जाते. बैठकीत सर्वांसमोर विरोध करणे जमत नसेल तर न जमो. परंतु तीन ओळींची टिपणी लिहून फाइलला जोडणे हे प्रत्येकाला जमते. तेथे तोंडात मूग गिळून बसणे परवडणारे नाही.

या संदर्भात चिंतामणराव देशमुख यांचे उदाहरण बँकिंग क्षेत्राला जवळचे वाटावे. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले आलेले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले देशमुख संयत आणि मितभाषी म्हणून ओळखले जात. संस्कृत काव्य आणि बागकाम हे त्यांचे विसावे होते. कालिदासाच्या ‘मेघदूता’चा त्यांनी मराठीत अनुवादही केला. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४९ साली, रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ते अर्थमंत्री असताना, १९५५ साली, इंपीरियल बँकेतून स्टेट बँक आकाराला आली. आयुष्यभर फाइलींवर मोजके लिहिणाऱ्या या माणसाने १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्याची कारणे लोकसभेत स्पष्ट शब्दांत मांडली. एरवी कमी बोलणारा माणूस बोलतो तेव्हा त्या शब्दांना किती वजन येते, हे त्या वेळी महाराष्ट्राने अनुभवले.

साहित्यक्षेत्रात जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या जी. एं.नी आयुष्याचा मोठा काळ धारवाडला महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यात घालविला. सभासंमेलने आणि जाहीर सत्कार यांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. ‘काजळमाया’ या कथासंग्रहाला १९७३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यावर वाद उद्भवताच त्यांनी तो परत केला. म्हणून त्यांना माणसे नको होती, असे मात्र नाही. त्यांनी स्नेह्यांना लिहिलेली पत्रे पुढे खंडांच्या रूपाने प्रसिद्ध झाली. ती वाचताना हा माणूस किती बोलका, मिश्कील आणि आस्थेवाईक होता हे कळते. त्यांनी आपल्या प्रकृतीला मानवणारे माध्यम निवडले होते, इतकेच. ज्याला सभा मानवत नाही त्याने पत्र लिहावे, टिपण करावे, एका वेळी एकाच व्यक्तीशी निवांत बोलावे. संवादाचे दरवाजे अनेक आहेत.

ग्राहकही अबोल असतो

अंतर्मुख माणसे काउंटरच्या आतल्या बाजूला असतात तशीच बाहेरच्या बाजूलाही असतात. अर्ज समजला नाही तरी विचारणे ज्यांना अवघड वाटते, असे ज्येष्ठ नागरिक असतात. पतीच्या निधनानंतर खात्याचे पुढे काय करावयाचे, हे विचारण्यासाठी तीनदा शाखेच्या पायरीपर्यंत येऊन परत जाणाऱ्या स्त्रिया असतात. ‘नाही’ म्हणणे जड जाते म्हणून नको असलेली विमा पॉलिसी घेऊन बसणारे तरुण नोकरदार असतात. मोठ्याने भांडणाऱ्या ग्राहकाचे काम तातडीने होते आणि निमूट उभा राहणारा ग्राहक रांगेत मागे पडतो, हे चित्र कोणत्याही बँकेला भूषणावह नाही. ‘मूल रडल्याशिवाय आईही पाजत नाही’ ही म्हण खरी असेल. परंतु ती सेवेचा निकष होऊ नये. समोरच्याने होकार दिला तो समजून दिला की संकोचाने, हे ओळखणे हाही विक्रीच्या सचोटीचाच भाग आहे.

अशा ग्राहकांनीही काही गोष्टी जाणून असाव्यात. ‘विचार करून उद्या सांगतो’ हे सभ्य आणि पुरेसे उत्तर आहे. कोणताही कागद त्याच दिवशी स्वाक्षरित करण्याचे बंधन ग्राहकावर नसते. विमा पॉलिसी हाती आल्यावर ती पसंत नसल्यास ३० दिवसांच्या आत परत करण्याची तरतूद २०२४ च्या नियमांत आहे. तक्रार तोंडी भांडून करावी लागत नाही. ती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे लेखी दाद मागता येते. कमी बोलणाऱ्याचेही काम शांतपणे पार पडावे, यासाठीच या वाटा आहेत.

संस्थेची जबाबदारी

कोणत्याही शाखेला खर्च न करता काही बदल करता येण्यासारखे आहेत. बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशी द्यावी. महत्त्वाच्या निर्णयावर प्रथम प्रत्येकाचे मत लेखी घ्यावे आणि नंतर चर्चा करावी. चर्चेत कनिष्ठांना आधी बोलू द्यावे. वरिष्ठ प्रथम बोलले की इतरांचे विचार तेथेच थांबतात. बढतीच्या मुलाखतीत उमेदवाराने हाताळलेल्या दोन प्रकरणांवर बोलावयास सांगावे. केवळ वक्तृत्व जोखू नये. अबोल कर्मचाऱ्याला कायमचे मागच्या टेबलावर बसवून ठेवणे हाही अन्याय आहे. त्यालाही शाखाप्रमुख होऊ द्यावे. तो बहुधा कमी सूचना देईल आणि अधिक ऐकेल. त्याच्या हाताखालील उत्साही सहकाऱ्यांना हे सुखावह वाटण्याचीच शक्यता अधिक.

अंतर्मुख कर्मचाऱ्यानेही स्वतःच्या बाजूने पावले उचलावीत. वार्षिक मूल्यमापन अहवालातील स्वतःच्या कामाचा रकाना संकोचाने रिकामा सोडू नये. तेथे आकडे लिहावेत, कारण आकडे सांगणे म्हणजे बढाई नव्हे. बैठकीत एक तरी मुद्दा मांडावयाचाच, असे आधी ठरवून तो कागदावर लिहून न्यावा. दिवसभराच्या वर्दळीनंतर अर्धा तास एकांत लागतो, हे घरच्यांना मोकळेपणाने सांगावे. म्हणजे त्या शांततेचा अर्थ राग असा लावला जाणार नाही. बोलक्या सहकाऱ्याची नक्कल करू नये आणि त्याचा द्वेषही करू नये. दोघांच्या जोडीने शाखा चालते.

घरातही हेच लागू आहे. पाहुण्यांसमोर गाणे म्हणावयास नकार देणारे मूल उद्धट नसते. त्याला ‘घुमे’ म्हणण्यापूर्वी ते एकटे असताना कशात रमते, हे पालकांनी पाहावे. एका मुलाने दहा मित्र जोडले आणि दुसऱ्याने दोनच जोडून आयुष्यभर टिकविले, तर दुसऱ्याने काही गमावले असे म्हणता येणार नाही.

प्रत्येक कार्यालयात कोपऱ्यातील टेबलावर असे कोणीतरी असते. चहाच्या वेळच्या गप्पांत त्याचा आवाज ऐकू येत नाही. मात्र वर्षअखेरीचा ताळा जुळेना की सर्वजण त्याच्याकडेच जातात. त्याला बोलते करण्याची घाई करण्यापूर्वी त्याने काय लिहून ठेवले आहे, ते वरिष्ठांनी एकदा बसून वाचावे. आणि एखादी गोष्ट समजली नाही तर, मद्रासच्या त्या मुख्य लेखापालांप्रमाणे, मधल्या पायऱ्या विचाराव्यात.